वाचक विचारतात : अंटार्क्टिकाचा क्रिल आणि बेळगावातून करता येण्यासारखं काही

ध्रुवीय समुद्रांत चालणारी कारखानी मासेमारी थांबवण्यासाठी पर्यावरण कार्यकर्ते काय करतात, यावर वाचकांची बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : क्रिल म्हणजे आपल्याकडे मिळणारा जवळाच ना? एवढ्याशा जिवासाठी जगभरची माणसं का झगडतात? (शहापूर, बेळगाव)

दिसायला भाऊबंद, पण जात वेगळी. कारवार-गोव्याकडून येणारा जवळा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला, दोन-तीन सेंटिमीटरचा. अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहा वर्षं जगतो. त्याची पिल्लं पहिला हिवाळा समुद्रावरच्या बर्फाच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ खरवडून काढतात. म्हणजे ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी पिल्लांची उपासमार, आणि तिचा फटका एक-दोन वर्षांनी मोठ्या क्रिलच्या संख्येत दिसतो.

झगडण्याचं कारण असं, की तिथली अन्नसाखळी फार आखूड आहे. शेवाळ क्रिल खातो आणि क्रिलला थेट देवमासा खातो. मध्ये फारशा पायऱ्या नाहीत. निळा देवमासा, हंपबॅक, अॅडेली आणि चिनस्ट्रॅप पेंग्विन, सील, कितीतरी समुद्रपक्षी, सगळ्यांचं पोट या एकाच जिवावर. आपल्या किनाऱ्यावर बांगडा कमी झाला तर मोठे मासे तारलीकडे वळतात. तिथे वळायला दुसरं फारसं काही नाही.

जवळा वाळूवर पसरून सुकवता येतो, क्रिल येत नाही. मेल्यावर त्याच्या पोटातली पाचकद्रव्यं काही तासांत त्याचंच मांस विरघळवू लागतात, आणि कवचातलं फ्लोराइड मांसात उतरतं. म्हणून पकडल्याबरोबर जहाजावरच उकडून, सुकवून, दळून त्याची भुकटी करावी लागते. होडीवाल्या कोळ्याचं हे कामच नव्हे. तरंगता कारखाना असेल तरच हा धंदा जमतो. नव्या जहाजांवर तर जाळं वर ओढतही नाहीत. ते पाण्यातच राहतं आणि त्याच्या टोकाला जोडलेल्या नळीतून क्रिल सतत जहाजावर खेचला जातो.

प्रश्न : मी वाचलं की एकूण क्रिलपैकी जेमतेम एक टक्का पकडला जातो. मग ही ओरड अतिरेकी नाही का? (अथणी)

आकडा बरोबर आहे. दक्षिण अटलांटिकच्या ज्या भागात ही मासेमारी चालते त्याला ‘क्षेत्र ४८’ म्हणतात. २०१९ च्या पाहणीत तिथे सुमारे ६.२६ कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. पकडीची मर्यादा आहे ६ लाख २० हजार टन. भागाकार केला तर एक टक्काच येतो.

पण तुम्ही अथणीचे आहात, तेव्हा हा हिशोब कुठे फसतो ते तुम्हाला लगेच कळेल. खानापूरचा धो धो पाऊस धरून बेळगाव जिल्ह्याची सरासरी काढली तर ती उत्तमच दिसते. त्या सरासरीनं अथणीच्या विहिरीला पाणी येतं का? क्रिलचंही तसंच आहे. जहाजं त्या अफाट समुद्रात सारखी पसरून मासेमारी करत नाहीत. जिथे थवे दाट तिथेच ती जातात, आणि देवमासे व पेंग्विनही तिथेच जातात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाला लागून असलेली ब्रान्सफील्ड सामुद्रधुनी ही अशीच एक जागा. पिल्लं वाढवणारा पेंग्विन घरट्यापासून काही दहा किलोमीटरच्या परिघातच भक्ष्य शोधू शकतो, कारण पिल्लू उपाशी वाट बघत असतं. त्या परिघातला क्रिल जहाजानं नेला, तर हजार किलोमीटरवर कोट्यवधी टन शिल्लक आहे याचा त्याला काय उपयोग?

म्हणून २००९ मध्ये एक नियम झाला : ६.२ लाख टनांची वाटणी चार उपक्षेत्रांत करायची. द्वीपकल्पाजवळच्या ४८.१ मध्ये जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणजे १ लाख ५५ हजार टन. ४८.२ आणि ४८.३ मध्ये प्रत्येकी ४५ टक्के, ४८.४ मध्ये १५ टक्के. बेरीज १३० होते ही चूक नव्हे. हे त्या त्या उपक्षेत्राचं कमाल प्रमाण होतं, एकूण पकड मात्र ६.२ लाखांपुढे जायची नाही. ४८.१ चा कोटा संपला की ते उपक्षेत्र बंद. गेली काही वर्षं हा नियमच खरा बांध होता.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या मुदतवाढीवर सदस्य देशांचं एकमत झालं नाही (ही रीत पुढच्या उत्तरात) आणि तो संपला. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, ६.२ लाख टनांची एकूण मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. हंगाम १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर असा वर्षभराचा असतो. ओरड एका टक्क्याबद्दल नाही. तो टक्का एकाच ठिकाणाहून उचलला जातो, याबद्दल ती आहे.

प्रश्न : तिथे कोणाचं राज्य नाही, मग नियम करतं कोण? आणि कार्यकर्त्यांच्या आंदोलनानं कधी काही साधलं आहे का? (निपाणी)

१९८० मध्ये कॅनबेरा इथे अंटार्क्टिकच्या सागरी जिवांच्या रक्षणाचा करार झाला आणि १९८२ पासून तो लागू आहे. त्याखालच्या आयोगाचं नाव ‘कॅमलार’, कचेरी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, होबार्टमध्ये. सदस्य सत्तावीस : सव्वीस देश आणि युरोपीय संघ. भारत १९८६ पासून सदस्य आहे. क्रिल पकडणारे मुख्य देश नॉर्वे, चीन, दक्षिण कोरिया, चिली आणि युक्रेन.

सगळी मेख आहे ती निर्णयाच्या रीतीत. इथे बहुमत चालत नाही, एकमत लागतं. सव्वीस जण ‘हो’ म्हणाले आणि एक जण ‘नाही’ म्हणाला, की प्रस्ताव पुढच्या वर्षावर. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्प या तिन्ही संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव असेच वर्षानुवर्षं टेबलावर पडून आहेत. अडवण्यात चीन आणि रशिया पुढे राहिले आहेत. जून २०२३ मध्ये चिलीतल्या सांतियागोला यासाठी खास बैठक बोलावली, तीही रिकाम्या हातानं उठली.

तरी आंदोलनं वाया गेलेली नाहीत. त्यांच्या तीन वाटा आहेत.

पहिली बैठकीच्या दालनातली. १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘अंटार्क्टिक अँड सदर्न ओशन कोअॅलिशन’ ही संस्थांची आघाडी आयोगात निरीक्षक म्हणून बसते. तिला मत नाही, पण कागद मांडता येतात, प्रतिनिधींना भेटता येतं. हे काम दिसत नाही म्हणून त्याला कमी लेखलं जातं. आमच्या मते तेच सर्वांत मोलाचं आहे. रॉस समुद्राचं उदाहरण घ्या. कित्येक वर्षांच्या रेट्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये एकमत झालं आणि १ डिसेंबर २०१७ पासून १५.५ लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र संरक्षित झालं. त्यातल्या ११.२ लाख चौरस किलोमीटरमध्ये मासेमारीला पूर्ण बंदी आहे. मुदत ३५ वर्षांची. ब्रिटिश जलतरणपटू लुईस प्यू २०१५ मध्ये रॉस समुद्राच्या गोठणाऱ्या पाण्यात पोहला आणि मग त्यानं मॉस्कोच्या वाऱ्या केल्या. रशियाचं मन वळवण्यात त्याचाही वाटा मानला जातो.

दुसरी वाट बाजाराची. २०१८ मध्ये ग्रीनपीसनं क्रिलचा माल विकणाऱ्या दुकानांवर मोर्चा वळवला. ब्रिटनच्या एका मोठ्या दुकानसाखळीनं क्रिलची उत्पादनं काढून टाकली. त्याच वर्षी जुलैमध्ये, बहुतेक पकड ज्यांच्या हातात आहे त्या क्रिल कंपन्यांच्या संघटनेनं जाहीर केलं, की प्रजननाच्या काळात पेंग्विनच्या वसाहतींभोवतीच्या ठरावीक पट्ट्यांत आम्ही जाळं टाकणार नाही. ही स्वेच्छा आहे, कायदा नव्हे. उद्या ती मागेही घेता येईल. पण सरकारांना जे जमलं नाही ते गिऱ्हाइकाच्या नाराजीनं अंशतः तरी करून घेतलं.

तिसरी वाट थेट समुद्रावरची, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार. डिसेंबर २०१४ मध्ये सी शेफर्ड या सागरी जीव वाचवणाऱ्या संघटनेच्या ‘बॉब बार्कर’ जहाजाला ‘थंडर’ हे बेकायदा जहाज टूथफिश हा खोल समुद्रातला मासा पकडताना सापडलं. त्याच्यावर इंटरपोलची नोटीस आधीच होती. पाठलाग ११० दिवस चालला आणि ६ एप्रिल २०१५ रोजी आफ्रिकेच्या साओ टोमेजवळ ‘थंडर’ बुडालं. खलाशांना वाचवलं ते पाठलाग करणाऱ्यांनीच. पण खटला टिकला तो पाठलागामुळे नव्हे, पुराव्यामुळे. सोबतच्या ‘सॅम सायमन’ जहाजानं मागे राहिलेली ७२ किलोमीटर जाळी पाण्यातून ओढून काढली होती, आणि त्या समुद्रात असल्या गिलनेटला, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्याला, २००४ पासून बंदी आहे. साओ टोमेच्या न्यायालयानं तीन अधिकाऱ्यांना तुरुंगवास आणि १.५ कोटी युरोंहून जास्त दंड ठोठावला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कार्यकर्त्यांना खुल्या समुद्रात कोणाला अटक करता येत नाही. तो अधिकार जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे त्याचा, किंवा जहाज बंदरात आलं तर त्या बंदराच्या देशाचा. म्हणून नोंद, छायाचित्र, वेळ, अक्षांश-रेखांश आणि पाण्यातून काढलेली जाळी हेच त्यांचं हत्यार. आणि क्रिलची जहाजं परवाना घेऊन आलेली असतात, त्यांना ही वाट लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी पहिल्या दोनच.

प्रश्न : डॉक्टरांनी ओमेगा-३ घ्यायला सांगितलं. औषधाच्या दुकानात क्रिल तेलाची लाल गोळी ‘भारी’ म्हणून दाखवली. घ्यावी का? (टिळकवाडी)

लाल रंग अॅस्टाझँथिनचा, तो क्रिलच्या अंगातच असतो. डबीच्या मागच्या बाजूला ‘ईपीए’ आणि ‘डीएचए’ या ओमेगा-३च्या दोन प्रकारांचे मिलिग्रॅम वाचा. पुढच्या बाजूवरचा ‘५०० मिलिग्रॅम’ हा तेलाचा आकडा असतो, ओमेगाचा नव्हे. साध्या १००० मिलिग्रॅमच्या मासळी-तेलाच्या गोळीत बहुधा १८० अधिक १२०, म्हणजे ३०० मिलिग्रॅम मिळतात. लहान क्रिल गोळीत ते साधारणपणे बरेच कमी असतात. क्रिलचं तेल शरीरात जास्त सहज मुरतं असा दावा करतात, पण डोस भरून काढायला गोळ्या जास्त लागतात आणि दामही.

मासे खात असाल तर तारली आणि बांगडा यांना तोड नाही. १०० ग्रॅम तारलीत एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं, हंगामाप्रमाणे कमी-जास्त. पावसाळ्यानंतर तारलीत चरबी भरते. तळण्यापेक्षा कालवण बरं. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी चांगलीच, पण तिच्यातलं ओमेगा वेगळ्या प्रकारचं आहे आणि शरीर त्यातलं थोडंच डीएचएमध्ये बदलू शकतं. डॉक्टरांनी डीएचएच सांगितलं असेल तर शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या गोळ्या मिळतात. मासेही ते शेवाळातूनच मिळवतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिलची गोळी घेऊ नका.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. विक्रेता क्रिलची भुकटी घातलेलं खाद्य घ्या म्हणतो. फरक पडेल? (हुक्केरी)

तुमच्या तळ्यात त्याची गरज नाही. क्रिलच्या भुकटीचा मोठा वाटा सामन माशांच्या खाद्यात जातो. कोळंबीच्या खाद्यात ती वास-चवीसाठी घालतात, म्हणजे कोळंबी लवकर खाते. रोहू-कटल्याला तसली भुलावण लागत नाही.

शेंगपेंड आणि भाताचा कोंडा समान वजनानं घ्या. दर महिन्याला फेकजाळं टाकून वीस-पंचवीस मासे तोला, सरासरी काढा, तिला अंदाजे संख्येनं गुणा. त्या वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य रोज. ५०० किलो मासे असतील तर दहा ते पंधरा किलो. भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला पाण्यात लटकवा. उधळून टाकलं तर निम्मं तळाला जाऊन कुजतं. संध्याकाळी पोत्यात शिल्लक दिसली तर दुसऱ्या दिवशी कमी करा. ढगाळ दिवशी निम्मंच द्या, कारण अशा वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती घालूच नका.

प्रश्न : मी गोव्यातल्या हॉटेलात स्वयंपाकघरात काम करतो. मेनूवर ‘चिलियन सी बास’ आहे. हा कोणता मासा? (खानापूर)

हा टूथफिश. त्याचं हे गोंडस नाव १९७७ मध्ये एका अमेरिकी मासळी-व्यापाऱ्यानं विक्रीसाठी ठेवलं. गोव्यात ज्याला चोणक आणि रायगडात जिताडा म्हणतात तो आशियाई सी बास अगदी वेगळा आहे, खाडीतला, आपल्याकडचा. मेनूवर नुसतं ‘सी बास’ असेल तर बहुतेक वेळा चोणकच असतो, तेव्हा आधी खोक्यावरचं शास्त्रीय नाव बघा. ‘डिसोस्टिकस’ असेल तर टूथफिश.

टूथफिश हजार-दोन हजार मीटर खोल राहतो. अंटार्क्टिक जातीचा मासा तेरा ते सतरा वर्षांचा झाल्यावर कुठे अंडी घालतो. असा मासा एकदा उपसला की एक पिढी भरून यायला तेवढी वर्षं जातात. चोरटी मासेमारी रोखायला कॅमलारनं २०००पासून पकडीच्या दाखल्याची पद्धत आणली. जहाजापासून आयातदारापर्यंत प्रत्येक खेपेला हा दाखला सोबत लागतो. तुमच्या खरेदी विभागानं पुरवठादाराकडे त्याची प्रत मागावी. टाळाटाळ झाली तर माल घेऊ नये.

परवान्याच्या मासेमारीतही पूर्वी पक्षी फार मरत. लाँगलाइन म्हणजे हजारो आमिष लावलेल्या गळांची मैलोन् मैल दोरी. ती सोडताना आमिष तरंगत असतं, अल्बट्रॉस झडप घालतो आणि गळाला अडकून दोरीबरोबर बुडतो. उपाय साधे निघाले : दोरी रात्री सोडायची, वजन लावून झटकन बुडवायची, सोडताना माशांची आतडी पाण्यात टाकायची नाहीत, आणि जहाजामागे पाण्यापासून सात मीटर उंचावरून किमान १५० मीटर लांबीची, रंगीत झिरमिळ्या लावलेली दोरी ओढायची. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाभोवती वर्षाला हजारोंनी मरणारे पक्षी या उपायांनी जवळजवळ शून्यावर आले. यातली एक गोष्ट सुटली तरी फसतं. जोराचा आडवा वारा असला की झिरमिळ्यांची दोरी बाजूला जाते आणि आमिष उघडं पडतं.

प्रश्न : उत्तर ध्रुवाकडे काय परिस्थिती आहे? (बेळगाव कॅम्प)

तिथे धोका ओढवण्याआधीच दार लावलं गेलं, ही चांगली गोष्ट. मध्य आर्क्टिकच्या २८ लाख चौरस किलोमीटर खुल्या समुद्रात व्यापारी मासेमारी करायची नाही, असा करार ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसात गावी झाला. २५ जून २०२१ पासून तो सोळा वर्षांसाठी लागू आहे, आणि त्यात रशिया, चीन, अमेरिका तिघेही आहेत. बर्फ वितळून जहाजांना वाट मिळण्याआधीच हे ठरलं, म्हणून जमलं. कोणाचा धंदा तिथे बसलेला नव्हता.

प्रश्न : आम्ही समुद्रापासून इतके लांब. पत्र लिहून काही होतं का? आणि मराठीत लिहिलं तर चालतं का? (चिकोडी)

होतं. एकमताच्या आयोगात भारत जितक्या ठामपणे बोलेल तितका अडवणाऱ्यांना अडवणं महाग पडतं. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा जाहीर केला. तो टिकवून धरायला लावणं हे आपलं काम. आणि आपण तितकेसे लांबही नाही. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, लोंढ्यावरून जाणारी रेल्वे तिथेच संपते.

पत्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला, एक पान. आयोगाची बैठक दर वर्षी ऑक्टोबरमध्ये होते आणि भूमिका त्याआधी ठरते, म्हणून जुलै-ऑगस्टपर्यंत पोचलं पाहिजे. ऑक्टोबरात लिहिलेलं पत्र वाया. मागण्या तीनच ठेवा : सहप्रस्तावक म्हणून भारतानं बैठकीत स्वतः बोलावं, क्रिलच्या कोट्याची उपक्षेत्रवार वाटणी परत आणण्याला पाठिंबा द्यावा, आणि द्वीपकल्पाच्या संरक्षित क्षेत्राबाबत भूमिका जाहीर करावी. प्रत आपल्या खासदारांना द्या आणि संसदेत प्रश्न विचारण्याची विनंती करा. शंभर जणांनी एकच छापील मजकूर पाठवला तर तो एकाच पत्रात मोजला जाण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहावं.

भाषेचा प्रश्न महत्त्वाचा विचारलात. गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३५० नं दिला आहे. तेव्हा पत्र खुशाल मराठीत लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज जिथून केला त्या भागाच्या राजभाषेत लागतो. आपल्या जिल्ह्यात ती कन्नड. म्हणून दिल्लीला पाठवायचा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करणं सोयीचं. शुल्क दहा रुपये, मजकूर ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस.

अर्ज फसतो तो ‘भारत गप्प का बसला?’ असं विचारल्यामुळे. ‘का’ला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. कागद मागा : अमुक वर्षीच्या बैठकीला गेलेल्या प्रतिनिधींची यादी, परतल्यावर त्यांनी दिलेला अहवाल. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन कलम ८ खाली काही भाग नाकारला जाऊ शकतो. तसं झालं तर तीस दिवसांत पहिलं अपील करा आणि उरलेला भाग तरी द्या म्हणून मागा. अर्जाआधी कॅमलारच्या संकेतस्थळावरचे बैठकीचे अहवाल वाचा, ते सर्वांना खुले आहेत. कोणत्या देशानं काय म्हटलं ते त्यात बहुतेक ठिकाणी नावानिशी असतं. त्यातला परिच्छेद क्रमांक अर्जात घातला की उडवाउडवीला जागा राहत नाही.